वऱ्हाडचें स्वामित्व व वऱ्हाडचा ताबा

माहूरच्या रेणुकादेवीच्या दर्शनास दिग्रसहून निघालेला यात्रेकरू पैनगंगा उतरला, कीं त्याचें राज्य बदललें असें एके काळीं लोक समजत. अलीकडच्या तीरावर कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. पलीकडे निजामसरकारच्या करोडगिरीचे नाके, अलीकडे इंग्रज डेप्युटी कमिशनरच्या हाताखालचे तहसीलदार. भाषा, जोंधळ्याची भाकर व कपाशीचें शेत मात्र दोन्ही तीरांवर एकच. असा यात्रेकरू ‘मोंगलाईंत गेला’ असें त्याच्या घरचीं माणसें म्हणत. परंतु १८५३ पासून १९४७ पर्यंतच्या कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तो मोंगलाईंतून मोंगलाईंतच जात होता. दिग्रस ज्या वऱ्हाड प्रांतांत मोडतें त्याचें स्वामित्व त्या सबंध काळांत हैदराबादच्या निजामाकडेच होतें. इंग्रजांकडे होता तो केवळ ताबा.

स्वामित्व एकाचें व ताबा दुसऱ्याचा ह्या विलक्षण स्थितींतून जे तह, जो पत्रव्यवहार व जे वाद निर्माण झाले, त्यांचा क्रमवार विचार करण्याचें प्रस्तुत निबंधांत योजिलें आहे. हा विषय केवळ जुन्या दप्तरांतला राहिलेला नाहीं. उत्तर ध्रुवानजीकचें ग्रीनलंड बेट डेन्मार्कच्या स्वामित्वाखालीं असून अंतर्गत कारभारापुरतें स्वायत्त आहे. तेथें अमेरिकेचा लष्करी तळ आहे, आणि तें बेट आपणांस मिळावें अशी इच्छा अमेरिकेच्या अध्यक्षांनीं २०१९ सालीं व पुन्हा २०२५ सालीं उघडपणें बोलून दाखविली. त्यावर जगभर जी चर्चा झाली तींत स्वामित्व, ताबा, संरक्षणाची गरज, मोबदला हे सर्व शब्द आले. वऱ्हाडी वाचकास ते अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. आमच्या मतें ह्या दोन्ही प्रकरणांत पक्ष दोन नसून तीन आहेत, आणि तिसरा पक्ष म्हणजे त्या भूमीवर राहणारे लोक. वऱ्हाडच्या कागदांत हा तिसरा पक्ष केव्हां व कोणत्या वाटेनें शिरला, हें पाहणें हाच ह्या लेखाचा मुख्य उद्देश आहे.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यांत सांगितली पाहिजे. १७२४ सालीं साखरखेर्ड्याच्या लढाईंत निजामुल्मुल्कानें मुबारिजखानाचा पराभव करून दक्षिणेंत आपली सत्ता स्थापिली. ती लढाई वऱ्हाडच्याच भूमीवर झाली. पुढें नागपूरकर भोसल्यांचा हात वऱ्हाडांत शिरला व प्रांतांत दुअंमल चालूं लागला. वसुलांत मोंगलांचा व भोसल्यांचा असे दोन वांटे पडत. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांव येथें व डिसेंबरांत गाविलगड येथें वेल्स्लीनें भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख दुसऱ्या रघूजी भोसल्यांस सोडावा लागला, आणि १८०४ सालीं इंग्रजांनीं तो आपला दोस्त जो निजाम त्याच्या हवालीं केला. म्हणजे वऱ्हाड एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें तें तहाच्या कलमानें. रयतेस त्याची वार्ता कळली असेल ती नवा वसूलदार आल्यावर.

ह्यापुढील कथा एका फौजेची आहे. १८०० च्या तहान्वयें निजामाच्या रक्षणासाठीं इंग्रजांची तैनाती फौज ठेवण्यांत आली होती व तिच्या खर्चासाठीं त्यानें मुलूखही तोडून दिला होता. शिवाय युद्धप्रसंगीं निजामानें ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ द्यावें असें एक कलम होतें. ह्या कलमाच्या आधारानें, रेसिडेंट हेन्री रसेल व चंदुलाल यांच्या काळांत, इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालीं एक निराळीच फौज उभी राहिली. तिला हैदराबाद कंटिंजंट असें नांव पडलें. तहांतील शब्द युद्धप्रसंगाचा. फौज मात्र शांततेच्या काळांतही बारमाही राहिली, आणि तिच्या पगाराचा बोजा निजामाच्या खजिन्यावर पडला. पगार थकला, पामर कंपनीच्या पेढीचें कर्ज झालें, पुढें कंपनीसरकारच्याच तिजोरींतून रकमा उचलाव्या लागल्या, आणि थकबाकी ४० लक्षांवर गेली.

१८५३ सालीं गव्हर्नर जनरल डलहौसीनें रेसिडेंट कर्नल लो याच्या हातीं तहाचा मसुदा दिला. कंटिंजंटच्या खर्चासाठीं मुलूख कायमचा द्यावा अशी त्यांत मागणी होती. निजाम नासिरुद्दौला यांनीं तिला निकरानें विरोध केला. वडिलोपार्जित मुलूख विनाकारण देऊन टाकणें व इमानी फौज मोडणें ह्या दोन गोष्टी राजास लांच्छनास्पद होत, अशा आशयाचें त्यांचें बोलणें खुद्द लोनेंच नमूद करून ठेविलें आहे. अखेरीस ‘कायमचा’ हा शब्द गळला. कंटिंजंटची जरूर असेल तोंवरच मुलूख आमच्याकडे राहील, अशी समजूत घालून २१ मे १८५३ रोजीं तह पुरा करण्यांत आला. वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब मिळून ५० लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं गेला. इंग्रजांनीं दरसाल हिशेब दाखवावा व खर्च वजा जातां उरेल ती शिल्लक निजामास द्यावी असें ठरलें. वाचकांनीं हा गळलेला शब्द ध्यानांत ठेवावा. पुढचा सारा वाद त्याच्याभोंवतीं फिरला आहे.

१८५७ च्या धामधुमींत हैदराबाद दरबारानें इंग्रजांचा पक्ष सोडला नाहीं. त्याचें फळ १८६० च्या तहांत दिसतें. धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, सुरापूरचें संस्थान निजामाकडे आलें आणि ५० लक्षांचें कर्ज माफ झालें. वऱ्हाड मात्र परत मिळालें नाहीं. ३२ लक्षांच्या उत्पन्नाचा हा प्रांत इंग्रजांनीं विश्वस्त ह्या नात्यानें ठेवावा असें ठरलें, आणि त्याच तहानें हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क काढून घेतला. विश्वस्त म्हणावयाचें व हिशेब द्यावयाचा नाहीं, ही तडजोड कोणाही व्यवहारी मनुष्यास चमत्कारिक वाटेल.

तह झाल्यावर लवकरच वऱ्हाडची किंमत बदलली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ सालीं मुंबईकडील लोहमार्ग वऱ्हाडांतून नागपुरास पोंचला. १८७० सालीं खामगांवच्या शाखेचें उद्घाटन स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं केलें. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ह्या म्हणीची प्रतीति आतां समुद्रापलीकडेही आली. मुंबई व नागपूर यांमधील वाटेवरचा हा कापसाचा प्रांत फौजेच्या पगारासाठीं घेतलेला होता, परंतु तो हातीं ठेवण्याची कारणें आतां पगारापुरतीं उरलीं नव्हतीं.

हें हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनीं ओळखलें. १८७२ पासून त्यांनीं परतीची मागणी चालविली. कंटिंजंटच्या पगाराची हमी म्हणून रोख भांडवल ठेवूं, मग मुलूख अडकवून ठेवण्याचें कारण काय, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. १८७६ सालीं ते विलायतेस गेले. सन्मान पुष्कळ झाला; वऱ्हाड मिळालें नाहीं. निजाम महबूब अली खान हे अल्पवयी आहेत तोंवर हा प्रश्न काढतां येत नाहीं, असें उत्तर मिळालें. १८८३ सालीं सालारजंग वारले व त्यांच्याबरोबर ह्या मागणीचा जोरही ओसरला.

ह्या प्रश्नास पुढचें वळण लॉर्ड कर्झन यांनीं दिलें. १९०२ च्या मार्च महिन्यांत ते हैदराबादेस गेले व त्यांनीं निजाम महबूब अली खान यांची समक्ष भेट घेतली. त्याच वर्षीं ५ नोव्हेंबर रोजीं करार झाला. त्यान्वयें निजामाचें वऱ्हाडवरील स्वामित्व पुन्हा मान्य करण्यांत आलें, आणि त्याच लेखणीनें प्रांत इंग्रजांस कायमच्या पट्ट्यानें देण्यांत आला. अनिश्चित शिलकेऐवजीं वार्षिक २५ लक्ष रुपयांचा निश्चित खंड ठरला. १८५३ सालीं आजोबांनीं गाळविलेला शब्द नातवाच्या सहीनें परत आला. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडण्यांत आला. त्याच सुमारास कंटिंजंटच्या पलटणी हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन करून टाकण्यांत आल्या. ज्या फौजेसाठीं मुलूख घेतला ती फौज गेली, मुलूख राहिला. त्या वेळच्या वऱ्हाडचें क्षेत्रफळ सुमारें १७,७०० चौरस मैल व १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणें लोकसंख्या सुमारें साडेसत्तावीस लक्ष होती. ह्या साडेसत्तावीस लक्षांपैकीं एकाचेंही मत १८५३, १८६० वा १९०२ ह्या तिन्ही प्रसंगीं घेतलेलें नाहीं.

लोकांचें नांव ह्या वादांत प्रथम ठळकपणें आलें तें १९२३ सालीं, व तें अनपेक्षित मुखांतून. २५ ऑक्टोबर १९२३ रोजीं निजाम मीर उस्मान अली खान यांनीं व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांस पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलें. १९०२ चा करार वडिलांनीं खुशीनें केला नव्हता, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्याबरोबर त्यांनीं एक अभिवचन दिलें: वऱ्हाड परत मिळाल्यास तेथील लोकांस आपल्या प्रतिनिधिभूत गव्हर्नरच्या हाताखालीं अंतर्गत कारभाराचें पूर्ण स्वातंत्र्य देऊं. स्वायत्त वऱ्हाडची ही कल्पना लहान नव्हती. परंतु खुद्द हैदराबाद संस्थानांत त्या वेळीं जबाबदार राज्यपद्धतीचा मागमूस नव्हता. जें आपल्या घरच्या प्रजेस दिलें नाहीं तें शेजारच्या प्रांतास देऊं करणें, ह्यांत लोकांच्या हक्कापेक्षां मागणीस बळकटी आणण्याचा हेतुच अधिक दिसतो.

लॉर्ड रीडिंग यांनीं १९२५ च्या मार्चांत मागणी नाकारली. निजामानें पुन्हा लिहून ह्या प्रश्नाच्या चौकशीसाठीं कमिशन नेमण्याची सूचना केली. २७ मार्च १९२६ च्या प्रसिद्ध पत्रांत तीही फेटाळण्यांत आली. हिंदुस्थानांत ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, कोणत्याही संस्थानिकास तिच्याशीं बरोबरीच्या नात्यानें वाद घालतां येत नाहीं, आणि एकदां दिलेला निकाल अखेरचा होय, असा त्या पत्राचा इत्यर्थ आहे. म्हणजे वादी एक, आणि प्रतिवादी व न्यायाधीश एकच. वऱ्हाडच्या निमित्तानें लिहिलेलें हें पत्र सर्व संस्थानांच्या इतिहासांत अधिसत्तेच्या तत्त्वाचा आधारस्तंभ होऊन बसलें.

दोन सत्तांचा हा पत्रव्यवहार चालू असतां वऱ्हाडी लोक स्वस्थ बसले नव्हते. त्यांची कायदेशीर स्थिति मोठी अडचणीची होती. वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळें तेथें लागू होणारे कायदे परमुलखांतील अधिकार म्हणून लावले जात. नागपूरच्या कौन्सिलांत वऱ्हाडचे प्रतिनिधि लोकांनीं निवडावे व मग सरकारनें त्यांची नेमणूक केली असें दाखवावें, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. काँग्रेसनें मात्र १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर प्रांतरचना करतांना वऱ्हाड हा स्वतंत्र प्रांत मानला. पट्टा कोणाचा व निशाण कोणाचें हें तिनें विचारलें नाहीं.

ह्या स्थितीचें सर्वांत बोलकें उदाहरण दिग्रसच्या शेजारीं पुसद येथें घडलें. वणीस जन्मलेले व यवतमाळास वकिली करणारे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनीं १० जुलै १९३० रोजीं पुसदनजीकच्या राखीव जंगलांत गवत कापून जंगलसत्याग्रहास आरंभ केला व त्यांस अटक झाली. जमिनीचें स्वामित्व निजामाचें, जंगलचा कायदा इंग्रजांचा, आणि गवत कापणारा विळा वऱ्हाडी माणसाच्या हातांतला. वऱ्हाडच्या वादांतील तिन्ही पक्ष त्या दिवशीं एका कुरणांत एकत्र आले होते असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. त्यांतील तिसऱ्यानें आपला हक्क कोणत्याही तहावर सांगितला नाहीं.

ह्यानंतर १९३५ चा हिंदुस्थान सरकारचा कायदा आला. त्याच्या ४७ व्या कलमांत वऱ्हाड निजामाच्या स्वामित्वाखालीं असल्याचें नमूद करून मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा मिळून एक प्रांत समजावा असें ठरविण्यांत आलें. तदनुसार १९३६ च्या ऑक्टोबरांत नवा करार झाला. २५ लक्षांचा खंड चालू राहिला, वऱ्हाडांत ब्रिटिश निशाणाबरोबर निजामाचें निशाण फडकविण्याचें ठरलें, आणि निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब देण्यांत आला. ८३ वर्षांच्या झगड्यांतून निजामाच्या पदरीं निशाण, खंड व एक नांव एवढेंच पडलें. तें नांव धारण करणारे आझमजाह यांस पुढें ना वऱ्हाड मिळालें, ना हैदराबादचा वारसा. १९६७ सालीं मीर उस्मान अली खान यांच्या पश्चात् तो वारसा नातू मुकर्रमजाह यांजकडे गेला.

आतां आरंभीं उल्लेखिलेल्या ग्रीनलंडकडे वळूं. १९१६ सालीं डेन्मार्कनें वेस्ट इंडीजमधील आपलीं बेटें अमेरिकेस विकण्याचा करार केला, त्या वेळीं डेन्मार्कनें सर्व ग्रीनलंडवर आपला अधिकार पसरविल्यास हरकत घेणार नाहीं असें अमेरिकेनें लिहून दिलें. पूर्व ग्रीनलंडवर नॉर्वेनें हक्क सांगितला, तेव्हां तो वाद हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें गेला व १९३३ सालीं निकाल डेन्मार्कच्या बाजूनें लागला. निजामास जें कमिशन नाकारलें गेलें त्याच्या जागीं येथें त्रयस्थ न्यायासन होतें, हा भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. १९४० सालीं जर्मनीनें डेन्मार्क व्यापलें. वॉशिंग्टनमधील डॅनिश वकील हेन्रिक कॉफमन यांनीं एप्रिल १९४१ मध्यें मायदेशच्या सरकारास न विचारतां अमेरिकेशीं करार केला आणि स्वामित्व डेन्मार्कचें व तळ अमेरिकेचे अशी वांटणी झाली. अमेरिकाखंडावरील संकट टळेपर्यंतच हा करार राहावयाचा होता. युद्ध संपलें, तळ उठले नाहींत. उलट १९४६ सालीं १० कोटी डॉलरच्या सोन्याच्या मोबदल्यांत बेटच विकत देण्याची मागणी अमेरिकेनें केली. ती डेन्मार्कनें मान्य केली नाहीं, पण १९५१ सालीं नवा संरक्षणकरार झाला, व त्याची मुदत उत्तर अटलांटिक तहाच्या आयुष्याशीं बांधली गेली. कंटिंजंटची जरूर असेल तोंवर, ह्या १८५३ च्या शब्दांची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. गरजेच्या नांवानें घेतलेला ताबा गरज संपल्यावर आपोआप सुटत नाहीं. त्यास नवी गरज सांपडते.

तिसऱ्या पक्षाचें म्हणाल तर १९५३ सालीं थूल येथील तळाच्या विस्तारासाठीं तेथील शिकारी कुटुंबांस आपली वस्ती सोडून उत्तरेस जावें लागलें. १९५१ च्या करारावर त्यांची सही नव्हती. परंतु येथून ग्रीनलंडची वाट वऱ्हाडहून निराळी होते. १९७९ सालीं तेथें स्वराज्याचा पहिला कायदा आला. २००४ सालीं संरक्षणकरारांत दुरुस्ती झाली तेव्हां ग्रीनलंडच्या सरकारचीही तिजवर सही झाली. २००९ च्या कायद्यानें ग्रीनलंडचे लोक हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीनें एक स्वतंत्र लोकसमाज आहेत असें मान्य केलें व स्वातंत्र्याचा निर्णय त्यांनींच घ्यावयाचा असें लिहिलें. डॅनिश लोकसभेची संमति मात्र लागते. सुमारें ५७ हजार वस्तीच्या त्या बेटास जें कागदावर मिळालें तें साडेसत्तावीस लक्षांच्या वऱ्हाडास कोणत्याही तहांत मिळालें नव्हतें. म्हणूनच २०२५ सालीं बेटाच्या विक्रीची भाषा निघाली तेव्हां आमचें भवितव्य आम्हीं ठरवूं असें तेथील पुढारी म्हणूं शकले, व त्यांच्या म्हणण्यास कायद्याचा आधार होता.

वऱ्हाडचा शेवट निराळ्या रीतीनें झाला. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं इंग्रजांची अधिसत्ता संपली. त्यापूर्वी एक आठवडा, ८ ऑगस्ट रोजीं, अकोला येथें वऱ्हाडचे व पश्चिम महाराष्ट्राचे पुढारी एकत्र बसले आणि संयुक्त महाराष्ट्रांत वऱ्हाडचें स्थान काय असावें ह्याविषयीं त्यांनीं आपसांत करार केला. त्या करारांत ना निजाम होता, ना व्हाइसरॉय. तो पुढें तसाच अंमलांत आला नाहीं. तरी वऱ्हाडच्या भवितव्याचा विचार वऱ्हाडच्या लोकांनीं पक्षकार म्हणून केला ही त्याची योग्यता कमी होत नाहीं. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनें हैदराबादचा प्रश्न मिटला, १९५० च्या घटनेनें वऱ्हाड मध्यप्रदेशांत गेलें, १९५६ सालीं विदर्भ व मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यांत आले आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत.

एवढ्या विवेचनावरून निष्कर्ष काय निघतो? निजामाचा पक्ष कायद्यानें पुष्कळ अंशीं खरा होता, व इंग्रजांचा पक्ष बळानें खरा ठरला. म्हणून त्यांपैकीं एकाचा कैवार घेणें हें वऱ्हाडच्या इतिहासकाराचें काम नव्हे. ज्या दप्तरांत हे तह सांपडतात त्यांत वऱ्हाडी माणूस उत्पन्नाचा आंकडा म्हणून येतो. त्याचा स्वतःचा आवाज ऐकावयाचा तर पुसदच्या सत्याग्रहाच्या हकीकती, गांवोगांवच्या सभांचे वृत्तांत व खाजगी दप्तरें धुंडाळलीं पाहिजेत. दिग्रस, दारव्हा, पुसद ह्या भागांतील जुन्या घरांत अशीं कागदपत्रें असतील तर तीं कसरीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं उजेडांत यावींत. पैनगंगा आज यवतमाळ व नांदेड ह्या दोन जिल्ह्यांची हद्द आहे. माहूरचा यात्रेकरू ती ओलांडतांना राज्य बदलीत नाहीं. हें कोणत्या कलमानें झालें तें आपणांस ठाऊक आहे. कोणाच्या श्रमानें झालें तें अजून पुरतें लिहिलें गेलेलें नाहीं.